तराजूचे दुसरे पारडे

बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघाले की कुणाला शेगावचे गजानन महाराज आठवतात, कुणाला लोणारचे सरोवर, कुणाला सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा. ताराबाई शिंदे हे नाव निघते ते त्यानंतर, आणि तेही कुणाला आठवलेच तर. अभ्यासकांना ते चांगले ठाऊक आहे. स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास लिहिणारा कुणीही त्यांना वगळून पुढे जाऊ शकत नाही. पण ज्या सामान्य घरांतल्या बायकांसाठी त्यांनी लेखणी उचलली, त्या घरांत ताराबाई कोण होत्या असे विचारले तर उत्तर येईलच असे नाही. एका पुस्तकाची ही लेखिका. पुस्तकही छोटेखानी. पण त्या पुस्तकात जी विचार करण्याची रीत आहे ती सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही रोजच्या वापराची आहे, आणि आज सांगायचे आहे ते मुख्यतः त्या रीतीविषयी.

ताराबाईंचा जन्म १८५० चा, बुलढाण्याचा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे बुलढाणा जिल्ह्याचे ठाणे झाले, कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांबरोबर इंग्रजी जाणणारे कारकून आले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. माणूस नुसता नोकरदार नव्हता. शिकलेल्या देशबांधवांना चार गोष्टी सुनावणारे एक लहानसे पुस्तक त्यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला तेव्हा ते त्या मंडळींत होते. चार मुलगे आणि एक मुलगी असा त्यांचा संसार. मुलींची शाळा गावात नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्न मात्र रीतीप्रमाणे लहानपणीच झाले. फरक एवढाच की जावई घरजावई म्हणून आला आणि ताराबाई माहेरीच राहिल्या. सासुरवास चुकला, वडिलांची पुस्तके हाताशी राहिली. मराठा घराण्याचा पडदा मात्र चुकला नाही. घराच्या चार भिंतींत कोंडलेली, अक्कल कमी असलेली बाई, असेच आपले वर्णन त्यांनी पुस्तकाच्या प्रारंभी केले आहे. ते वाचून ज्यांनी पान उलटले असेल त्यांना पुढच्याच पानांत कळले असेल की ही नम्रता फार काळ टिकणारी नाही.

त्या काळी बुलढाण्याला यायचे म्हणजे मलकापूर स्टेशनावर उतरायचे आणि बैलगाडीने किंवा टांग्याने राजूरचा घाट चढायचा. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे याच वाटेने, शिळी होऊन, वर येत. १८८१ मध्ये सुरतेच्या एका खटल्याची हकीकत अशीच सगळीकडे पोचली. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, लोकलज्जेच्या भयाने तिने जन्मलेल्या मुलाचा जीव घेतला, असा आरोप शाबीत झाला आणि कोर्टाने तिला फाशीची शिक्षा दिली. पुढे अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मुभा दिली होती, पण कायद्याच्या पुस्तकातली मुभा आणि ब्राह्मण आळीतली मुभा या दोन गोष्टी निराळ्या होत्या. त्या बाईला दुसरे लग्न करण्याची सोय नव्हती, मूल वाढवण्याची सोय नव्हती आणि मूल मारल्यावर जगण्याचीही सोय नव्हती.

वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली. काहींनी हळहळ व्यक्त केली. पुण्याच्या 'पुणे वैभव' या पत्राने मात्र या एका खटल्याचा आधार घेऊन साऱ्या बायकांनाच धारेवर धरले. नव्या काळाचे वारे लागून स्त्रिया कशा बिघडत चालल्या आहेत, असा त्या लेखनाचा सूर होता. गुन्हा सुरतेच्या एका बाईचा आणि निकाल हिंदुस्थानातल्या सगळ्या बायकांविरुद्ध.

आता इथे जरा थांबू. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण नेहमी म्हणतो, आणि ते खोटेही नाही. सुगरण एक शीत बोटांत चेपून पाहते आणि भात शिजला की नाही ते सांगते. ही परीक्षा बरोबर का येते? कारण सगळ्या तांदळाला एकच पाणी, एकच आच मिळालेली असते, आणि सुगरण शीत उचलते ते सहज हाताला येईल ते. आता समजा कुणी मुद्दाम पातेल्याच्या बुडाशी लागलेले करपलेले शीत खरवडून काढले आणि ते ताटात ठेवून सांगितले की सगळा भात करपला आहे, तर? शीत खरेच करपलेले असते. तरी अनुमान खोटे ठरते, कारण शीत निवडण्यातच लबाडी झालेली असते. कोर्टात उभी राहिलेली विजयालक्ष्मी हे बुडाचे शीत होते. त्याच्याखाली आच कुणी लावली हा प्रश्न तर आणखी निराळा.

हिशेबाची आवड असलेल्या वाचकांसाठी एक लहानसे कोडे घालतो. आकडे कल्पनेतले आहेत, फक्त युक्तिवाद कळावा म्हणून. समजा एका जिल्ह्यात दहा हजार विधवा आहेत आणि काही वर्षांत बालहत्येचे दहा खटले झाले. दहाही आरोपी विधवा. एक गृहस्थ चावडीवर बसून म्हणतात, बघा, शंभर टक्के आरोपी विधवाच निघाल्या, तेव्हा विधवा या असल्याच. गृहस्थांचे गणित कुठे चुकले? त्यांनी आरोपींमध्ये विधवा किती ते मोजले. मोजायला हवे होते ते विधवांमध्ये आरोपी किती. तो आकडा हजारात एक येतो. उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्वद बाया दळण-कांडण करीत, दुसऱ्यांची बाळंतपणे काढीत गुमान जगत होत्या, आणि गुमान जगण्याची बातमी कुठल्या वर्तमानपत्रात येत नाही. संभाव्यतेच्या शास्त्रात या घोटाळ्याला आज नीट नाव आणि सूत्र आहे. इंग्लंडातल्या थॉमस बेझ नावाच्या धर्मोपदेशकाचा या विषयावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. दिशा उलटली की शक्यताही बदलते, हे त्यातले मर्म. पण चावडीवरच्या गृहस्थांना ते अजून पुरते पोचलेले नाही. अमुक जातीचे, अमुक धर्माचे लोक असलेच, हे वाक्य आपण आजही ऐकतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा हेच उलटे मोजमाप असते.

कोड्याचा दुसरा भाग अधिक टोचणारा आहे. दहा मुले जन्मली म्हणजे त्यांना बापही होते. ते बाप खटल्यात कुठे आहेत? एकही नाही. पुरावा राहतो तो बाईच्या शरीरात. पुरुष धोतर झटकून उठतो आणि कदाचित दुसऱ्या दिवशी त्याच चावडीवर विधवांच्या चालचलणुकीवर बोलायला बसतो. तेव्हा पकडले कोण गेले यावरून गुन्हा कुणी केला याचा हिशेब मांडला, तर एका बाजूला सगळे आणि दुसऱ्या बाजूला शून्य असे उत्तर येणारच. मोजणाऱ्याने एकच पारडे पाहिले. दुसरे पारडे त्याच्याच हाताखाली झाकलेले होते.

ताराबाईंनी ते पारडे उघडे केले. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' छापून निघाले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. स्त्रिया आणि पुरुष यांत जास्त साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध आहे, असा खुलासा नावाबरोबरच होता. साहस या शब्दाला आज आपण टाळ्या वाजवतो. तेव्हा त्याचा रोख वेगळा होता. अविचाराने, भीडमर्यादा सोडून केलेले कृत्य म्हणजे साहस, आणि ते बायकांच्या अंगचे, अशी समजूत. ताराबाईंनी या समजुतीवर तक्रार केली नाही, हिशेब मागितला. पुस्तकाचे नाव विलाप नाही, विनंती नाही, तुलना आहे. तुलना करायची तर दोन्ही बाजूंना एकच माप लावावे लागते, हे त्या नावातच आले.

मग त्यांनी बायकांवर पूर्वापार लादलेल्या दोषांची यादी घेतली आणि एकेक दोष उचलून विचारले, हा पुरुषांत नाही काय? कपट? लाच खाणारे, खोटी साक्ष देणारे, दुसऱ्याच्या बायका पळवणारे कोण? तुरुंग कुणी भरले आहेत? अज्ञान? ज्यांना अक्षर शिकू दिले नाही त्यांना अडाणी म्हणून हिणवायचे, हा कुठला न्याय? सावित्री नवऱ्याचे प्राण परत आणायला यमापर्यंत गेली. बायकोसाठी यमाच्या दारात गेलेला एखादा नवरा पुराणात आहे काय? नवरा मेला तर बाईचे केस, कुंकू, दागिने, सणवार सगळे गेले. बायको मेली तर पुरुषाने दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये? तो तर लगेच दुसरीच्या शोधाला लागतो. आणि धर्म बुडाल्याची ओरड करणारे पुरुष स्वतः काय करतात? पोशाख साहेबाचा, बूट साहेबाचे, खाणेपिणे साहेबाचे. धर्म सांभाळायचा तो फक्त घरातल्या बाईने. देवांनाही त्यांनी सोडले नाही. पुराणातल्या देवादिकांची वर्तणूक त्याच तराजूत टाकून तोलली.

या प्रश्नांतला एक प्रश्न सांख्यिकीच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. नवरा मेला यात बाईचा अपराध कोणता? हा प्रश्न आज भाबडा वाटेल. तेव्हा तो नव्हता, आणि खेड्यापाड्यांत अजूनही पुरता संपलेला नाही. पांढऱ्या पायाची, हा शब्द आपल्या वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नवी सून घरात आली, वर्षभरात कुणी गेले, की बोट तिच्या पायाकडे. आता साधा हिशेब करू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानात दरवर्षी हजारी चाळीसच्या आसपास माणसे मरत, असा लोकसंख्येच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे एका माणसाने वर्ष पार करण्याची शक्यता शंभरात शहाण्णव. एकत्र कुटुंबात पंधरा माणसे धरली तर पंधराच्या पंधरा वर्ष पार करतील याची शक्यता काढायला शहाण्णव टक्क्यांना चौदा वेळा शहाण्णव टक्क्यांनीच गुणत जायचे. उत्तर चोपन्न टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजेच अशा शंभर घरांपैकी सेहेचाळीस घरांत वर्षाच्या आत एक तरी तिरडी उठायचीच. दोन वर्षे धरली तर शंभरातल्या सत्तर घरांत. पटकी, देवी, दुष्काळ यांनी एखादे साल बिघडले तर विचारूच नका. यात नव्या सुनेचा पाय कुठे आला? ती आली नसती तरी तिरड्या तेवढ्याच उठल्या असत्या. फक्त लग्न झालेले घर दिसत होते, आठवत होते, आणि दोष द्यायला कुणी तरी नवखे समोर होते.

वैधव्याचेही तसेच. दहा-अकरा वर्षांची पोर चाळिशी-पन्नाशीच्या बिजवराला दिली, तर तिचे नशीब ज्योतिषाने पाहण्याची गरज नाही, वाण्याचा पोऱ्याही सांगेल. बापाने हुंड्याच्या किंवा पैशाच्या हिशेबाने केलेला हा व्यवहार, आणि तो ठरल्याप्रमाणे बुडाला की खापर मुलीच्या कपाळावर. नशीब हा शब्द अशा ठिकाणी किती सोयीचा असतो! ज्यांनी फासे भरले त्यांची नावे त्यामागे आपोआप पुसली जातात.

बुद्धीने समतेकडे जाणारी ही वाट ताराबाईंच्या आधीही कुणी चालले होते. फ्रान्समध्ये कॉन्डोर्से नावाचा गणिती होऊन गेला. बहुमताने दिलेला निर्णय बरोबर असण्याची शक्यता किती, याचे गणित त्याने १७८५ मध्ये मांडले. याच माणसाने १७९० मध्ये स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क हवेत म्हणून लेख लिहिला. बायकांना बाळंतपण असते म्हणून हक्क नकोत, असे म्हणणाऱ्यांना त्याने विचारले की हिवाळाभर संधिवाताने अंथरुणावर पडणाऱ्या, घडोघडी सर्दी होणाऱ्या पुरुषांचे हक्क कुणी काढून घेतले आहेत काय? एक माप, दोन पारडी. चार वर्षांनी क्रांतीच्या धामधुमीत हा गणिती तुरुंगात मेला. ताराबाईंची आणि त्याची रीत एकच, पण वाटा फार वेगळ्या. तो विद्वानांच्या सभेत वाढलेला. इकडे घाटावरच्या गावात, पडद्याआड, एका बाईने तेच माप हाती घेतले होते, तेही रांगड्या, खणखणीत मराठीत, म्हणी आणि शिव्यांच्या सीमेवरच्या शब्दांसकट.

पुस्तक निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. ते वाहवते. मध्येच विलायती मालाने देशी कारागीर बुडाल्याचे दुःख येते, मध्येच त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बदफैली नायिकांवरचा राग येतो. पतिव्रतेचा आदर्श ताराबाई मोडीत काढत नाहीत. त्यांचे म्हणणे इतकेच की त्याच निष्ठेची अपेक्षा पुरुषाकडूनही करा. काही वाचकांना हे कमी वाटेल. मला ते तसे वाटत नाही. पुरुषांनीच घालून दिलेले नियम पुरुषांनाच लावून दाखवणे, ही त्या काळी सर्वांत अडचणीची गोष्ट होती. नियम मोडा म्हणणाऱ्याला पाखंडी म्हणून बाजूला सारता येते. नियम तुम्हीही पाळा म्हणणाऱ्याला काय उत्तर देणार?

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. विजयालक्ष्मी ब्राह्मण, गुजरातेतली. ताराबाई मराठा, वऱ्हाडातल्या, सत्यशोधक घरातल्या. ब्राह्मणांच्या घरातले पाप म्हणून त्यांना हे प्रकरण जातीच्या वादात वापरता आले असते, आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी ते केले नाही. कुलीन मराठ्यांतही पुनर्विवाहाला बंदी असते, याकडे त्यांनी उलट बोट दाखवले. आपल्या जातीचे मापही त्याच तराजूत. यामागे फुल्यांचे उदाहरण असणार. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते ब्राह्मण विधवांची अडचण पाहून, आणि अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला.

१८८२ हे साल तसे बायकांच्या बाबतीत लक्षात राहण्यासारखे. त्याच साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. पण रमाबाईंच्या मागे सुधारक उभे राहिले. बुलढाण्याच्या बाईच्या वाट्याला टीका आणि टवाळी आली, नंतर दुर्लक्ष. त्यांच्या बाजूने बोलले ते जोतीराव. १८८५ मध्ये त्यांनी 'सत्सार' काढले, त्याच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा उल्लेख मुलीच्या मायेने केला आणि त्यांच्यावर तोंडसुख घेणाऱ्यांना फटकारले. आपल्या पुरुषपणाला धक्का बसला म्हणून चिडलेल्यांत सुधारणेच्या गप्पा मारणारेही होते, हे जोतीरावांना चांगले कळत होते.

त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ज्या बाईने पुण्याच्या पत्रकर्त्यांना उत्तर दिले, ती पुढची अठ्ठावीस वर्षे छापील शब्दांत दिसत नाही. या काळात वऱ्हाडाने १८९९-१९०० चा छपन्नचा दुष्काळ पाहिला. पुण्यात आगरकरांचा 'सुधारक' निघाला. डॉ. रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारून कोर्टाशी झुंज दिली. संमतीवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला. ताराबाईंनी विचारलेले प्रश्न दुसऱ्यांच्या तोंडी येऊ लागले होते. १९१० मध्ये त्या वारल्या.

पुस्तक विस्मृतीत गेले. कुणी जाळले नाही, बंदी घातली नाही. प्रती जीर्ण झाल्या, वाचणारे गेले, एवढेच. पुढे जुन्या मराठी वाङ्मयाचे संशोधक स. गं. मालशे यांनी ते उजेडात आणले आणि १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, ते पुन्हा छापून निघाले. पहिल्या आवृत्तीनंतर त्र्याण्णव वर्षांनी. आणखी एकोणीस वर्षांनी, १९९४ मध्ये, रोझलिंड ओ'हॅनलन या इंग्लंडातल्या इतिहासकार बाईंनी त्याचा इंग्रजी अनुवाद विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, आणि ज्यांना राजूरचा घाट नकाशावर दाखवावा लागेल असे विद्यार्थी ते वाचू लागले. अनुवादाच्या मुखपृष्ठावर नावातला तुलना हा शब्द तसाच आहे, फक्त इंग्रजी झालेला.